टिटवीचे पिल्लू आणि कृष्णेची वाळू

गेल्या उन्हाळ्यात आमच्या निवासातील जुने लोखंडी कपाट आवरताना एका पाकिटातून एक छायाचित्र खाली पडले. पोस्टकार्डाएवढे, कडा पिवळट झालेले. पाठीमागे आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : ‘टिटवीचे पिल्लू. कराड, संगमाच्या खालच्या अंगाला. एप्रिल १९९६, सकाळ.’ त्या वेळी आम्ही सेमिनरीत शिकत होतो आणि सुटीतील सेवाकार्याच्या निमित्ताने काही आठवडे कराडला होतो. कॅमेरा उसना होता, फिल्म छत्तीस चित्रांची होती आणि पक्ष्यांविषयीचे आमचे सारे ज्ञान सलीम अलींच्या एका पुस्तकापुरते मर्यादित होते.

छायाचित्र पाहताच तेव्हाची निराशा पुन्हा जागी झाली. पिल्लू धूसर आले आहे. करड्या गोट्यांत एक करडा ठिपका, त्याला दोन काटक्यांसारखे पाय, एवढेच काय ते दिसते. त्याच्या मागचे सारे मात्र लख्ख आले आहे. दूरवर गेलेला वाळूचा पांढुरका पट्टा, त्यावर वाऱ्याने पाडलेल्या वळ्या, कडेची लव्हाळी, पलीकडे कृष्णेचे उथळ पाणी आणि त्यात गुडघाभर उभी असलेली दोन गुरे. नेम पिल्लावर धरला होता आणि आली होती नदी.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले टिटवीचेच पिल्लू दाखवण्यासाठी आला. चित्र पाहून आम्ही थक्क झालो. पाठीवरच्या लवेचा केस न् केस मोजावा, डोळ्यात आभाळाचे प्रतिबिंब पाहावे, असे ते चित्र होते. पिल्लाच्या मागे हिरवट-तपकिरी रंगांचा एक गुळगुळीत पडदा होता. “कोठे काढलेस?” असे आम्ही विचारले. त्याने जागा सांगितली खरी, परंतु चित्रावरून ती कोणालाही सांगता आली नसती. ते पिल्लू कराडचे असेल, कोल्हापूरचे असेल किंवा कैरोचेही असेल.

आम्ही त्याचे मनापासून कौतुक केले. परंतु तो गेल्यावर दोन्ही चित्रे शेजारीशेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. त्याच्या चित्रात पक्षी होता, जागा नव्हती. आमच्या चित्रात जागा होती, पक्षी जेमतेम होता. आणि जी जागा आमच्या चित्रात होती, तो वाळूचा पट्टा आज कराडला जाऊन शोधला तर सापडत नाही. मग एखाद्या पिल्लाचे छायाचित्र ‘चांगले’ ठरते ते कशाने? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही या कलेच्या इतिहासात शिरलो. त्यात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंदूक, अंडी आणि चिठ्ठी

कॅमेऱ्यापूर्वी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे मेलेल्या पक्ष्याचा अभ्यास. आपल्या दख्खनच्या पठारावरील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. गावोगाव फिरताना त्याने पक्षी मारले, त्यांची कातडी जपली, पोटे चिरून त्यांनी काय खाल्ले होते याचीही नोंद केली आणि १८३२ साली दोनशेहून अधिक जातींची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. पुढे १८८१ साली ई. ए. बटलर या दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा प्रदेशातील पक्ष्यांची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. ती ज्या ‘स्ट्रे फेदर्स’ नियतकालिकात छापली गेली, त्याचा संस्थापक व संपादक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब ते हेच.

ह्यूम यांनी भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर १८७३ पासून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. देशभरातील अधिकारी त्यांना अंडी पाठवीत. एका घरट्यातील सर्व अंडी एकत्र उचलायची, टोचून आतला गर काढायचा, कापसात ठेवायची, हा त्या काळचा शिरस्ता होता. पिल्लाचा जन्म होण्यापूर्वीच त्याची नोंद पूर्ण होई. १८८५ साली ह्यूम यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, तेव्हा त्यात पक्ष्यांची कातडी व अंडी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते.

आज हे वाचताना अंगावर शहारा येतो. तरीही त्या माणसांना केवळ क्रूर ठरवून मोकळे होणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी प्रत्येक अंड्यासोबत एक चिठ्ठी ठेवली होती. तीवर जागा, तारीख आणि अंडी गोळा करणाऱ्याचे नाव असे. या चिठ्ठीचे मोल किती, हे पुढे जगाला कळले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली. तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या संशोधकाने जुन्या संग्रहांतील अंडी काढून त्यांच्या कवचांचे वजन व माप घेतले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच एकाएकी पातळ झाल्याचे त्याला आढळले आणि १९६७ साली त्याने ते प्रसिद्ध केले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धचा तो एक भक्कम पुरावा ठरला. ज्या अंड्यांवर चिठ्ठी नव्हती, ती या कामी निरुपयोगी होती. सुंदर असूनही मुकी होती.

ही चिठ्ठीची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्याला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

काचेवर उमटलेली टिटवी

छायाचित्रणाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लागला, परंतु पक्ष्यांना त्याचा उपयोग होण्यास अर्धशतक जावे लागले. काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे, ही १८५१ नंतरची पद्धत. त्यात काही सेकंद तरी समोरच्याने स्तब्ध राहावे लागे. जिवंत पक्षी असे सौजन्य दाखवीत नाही. म्हणून वेल्समधील जॉन डिलविन ल्युएलिन यांनी १८५० च्या दशकात पाण्याच्या काठी चक्क पेंढा भरलेला बगळा उभा करून छायाचित्र घेतले. जागा खरी होती, पक्षी मेलेला होता.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने कोरड्या काचेची पद्धत सुचवली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती इतकी सुधारली की क्षणार्धात चित्र घेता येऊ लागले आणि काचा पाठीवर टाकून रानात हिंडता येऊ लागले. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ च्या वसंतात अंड्यांसह असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातील सारी चित्रे प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेली छायाचित्रे होती. पक्ष्यांनी बिचकू नये म्हणून त्यांनी पुढे एका बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा केला आणि रिचर्ड त्यात शिरून तासन्‌तास उभे राहत. आपल्याकडचा पोळ्याचा बैल आठवून आम्हांला हसू आले. परंतु त्या हास्याखाली एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मनुष्य पक्ष्याला मारण्यासाठी आजवर लपत होता. येथे तो प्रथमच पक्ष्याला जगू देण्यासाठी लपू लागला.

त्याच १८९५ साली रेजिनाल्ड लॉज या इंग्रज छायाचित्रकाराने अंडी उबवीत बसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेतले. निसर्गछायाचित्राला लंडनच्या राजमान्य छायाचित्र संस्थेचे पदक मिळण्याची ती पहिली वेळ. त्या छायाचित्रातील पक्षी कोणता असावा? टिटवी. म्हणजे आपल्या टिटवीची तुरेवाली युरोपीय बहीण. हे वाचले तेव्हा आम्हांला आपल्या पंचतंत्रातील टिटवीची आठवण झाली. समुद्राने अंडी पळवली म्हणून तिच्या जोडीदाराने समुद्राशीच वैर मांडले, आणि अखेर समुद्राला ती परत करावी लागली. उघड्या जमिनीवर अंडी घालून बसणारा हा पक्षी माणसाच्या नजरेत पूर्वीपासूनच भरलेला आहे. त्याचे धाडस लोककथेत आले, तसेच ते कॅमेऱ्यातही सर्वांआधी आले.

यानंतरचा मानाचा टप्पा एका स्त्रीचा. एमा टर्नर या नॉरफकच्या दलदलीत नौकेवर राहून पक्ष्यांची चित्रे घेत. बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातील पक्षी ब्रिटनमध्ये पिल्ले वाढवीनासा होऊन बरीच वर्षे लोटली होती. १९११ साली टर्नर यांना तेथल्या लव्हाळ्यांत त्याचे पिल्लू आढळले आणि त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले. नष्ट झालेला पक्षी परतला, याचा तो निर्विवाद पुरावा होता. पूर्वी असा पुरावा देण्यासाठी पिल्लू मारून आणावे लागले असते. कॅमेऱ्याने ते लव्हाळ्यातच राहू दिले. आमच्या मते या कलेच्या इतिहासातील हा सर्वांत उजळ क्षण होय.

लपण आणि दख्खनचे ऊन

भारतात ही विद्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आश्रयाने रुजली. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९३१ मध्ये आर. एस. पी. बेट्स यांचे भारतातील पक्षिजीवनावरील पुस्तक प्रसिद्ध केले. बेट्स यांचे मित्र ई. एच. एन. लोथर यांचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९ साली निघाले, आणि दोघांनी मिळून काश्मीरमधील विणीच्या पक्ष्यांवर १९५२ साली ग्रंथ सिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरहून निघून भारतात आश्रयाला आलेले चित्रपटव्यावसायिक लोक वान थो यांची सलीम अलींशी गाठ पडली आणि त्यांच्या सहवासात त्यांनी येथील पक्ष्यांची अप्रतिम छायाचित्रे घेतली. १९५७ साली ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ या नावाने त्यांचे पुस्तक निघाले. १९६४ साली तैवानमधील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

या सर्वांची पद्धत एकच. घरट्यापासून दूर कापडाचे किंवा गवताचे छोटे लपण उभारायचे. दररोज थोडे थोडे ते पुढे सरकवायचे. पक्षी सरावला की आत शिरायचे. आत जाताना सोबत दुसऱ्या माणसाने यायचे आणि त्याने निघून जायचे, म्हणजे पक्ष्याला वाटते, माणूस गेला. पक्ष्याला बहुधा मोजता येत नाही, यावर ही युक्ती उभी होती. घरट्याशीच जाण्याचे कारणही उघड होते. त्या काळी दूरचे टिपणारी भिंगे दुबळी आणि फिल्म मंद होती. पक्षी ठरल्या जागी परतणार अशी खात्री एकट्या घरट्यावरच मिळे. म्हणून या कलेचा पहिला अर्धशतकाचा इतिहास हा प्रामुख्याने घरट्यांचा आणि पिल्लांचा इतिहास आहे.

परंतु इंग्लंडमधील पुस्तकी धडा दख्खनमध्ये जसाच्या तसा गिरवता येत नाही, हे फार थोड्यांनी सांगितले. याचे कारण ऊन. तेथे पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब देण्यासाठी. येथे एप्रिल-मे महिन्यांत टिटवी भर दुपारी अंड्यांवर उभी राहते ती त्यांना सावली देण्यासाठी. नदीकाठची वाळू दुपारी अनवाणी पायाला सोसवत नाही. अशा वाळूत उघडे पडलेले अंडे थोड्याच वेळात आतून शिजते. म्हणून टिटवी पाण्यात जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. नर-मादी पाळीपाळीने हे काम करतात. साधारण चार आठवडे ही सेवा चालते. मग अंड्यांतून बाहेर आलेले पिल्लू काही तासांतच चालू लागते. त्याला कोणी घास भरवीत नाही, ते आपले आपण टिपते. आईबापांचे काम राखण करणे आणि इशारा देणे. इशारा येताच पिल्लू जागच्या जागी जमिनीला चिकटते, ते इतके की पाय पडेपर्यंत दिसू नये.

चिकटलेले पिल्लू पाहून नवशिक्या छायाचित्रकाराला वाटते, केवढे शांत बसले आहे! वस्तुतः ते भयाने निश्चल झालेले असते. ऊन असेल तर ते त्या तापल्या जमिनीवर तसेच पडून राहते आणि त्याची आई आपल्या डोक्यावर आक्रोश करीत घिरट्या घालते. आपल्या खेड्यांत रात्री टिटवी ओरडली की अशुभ मानतात. दिवसा ती ओरडते तेव्हा अशुभ कोण, हे आम्ही फारसे विचारात घेत नाही.

आमची चूक

येथे एक कबुली देणे अगत्याचे आहे. आमचे १९९६ चे ते छायाचित्र निर्दोष नाही.

त्या सकाळी आम्हांला एक घरटे दिसले होते. घरटे कसले, गोट्यांत उकरलेली एक वाटी. तीत तीन अंडी होती आणि नुकतेच निघालेले एक पिल्लू कडेला होते. वाटीशेजारी पुरात वाहून आलेली एक सुकी फांदी पडली होती. तिची सावली पिल्लावर पडत होती आणि चित्राच्या आड येत होती, म्हणून आम्ही ती उचलून दूर ठेवली. मग पिल्लू सरकले, त्याच्यामागे आम्ही सरकलो. उसन्या कॅमेऱ्याची भिंग फिरवण्याची सवय नव्हती. एक चित्र, दुसरे चित्र, पुन्हा तिसरे. दोन्ही टिटव्या वर ओरडत होत्या. आम्हांला तो आवाज छायाचित्राच्या आनंदातील एक पार्श्वसंगीत वाटला. घड्याळात पाहिले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि ऊन चांगलेच चढले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. फांदी आम्ही ठेवली होती तेथेच होती. वाटीत अंड्यांची दोन फुटकी टरफले होती, वाळूवर कावळ्यांच्या पायांचे ठसे होते आणि त्यांच्या शेजारी आमच्या वहाणांचे. माणूस जेथे वाकून पाहतो तेथे काहीतरी असते, हे कावळ्याला कळते. आम्हीच त्याला वाट दाखवली होती. पिल्लाचे काय झाले ते कळले नाही.

बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्लांसह आईला घेऊ नये. सेमिनरीत तो आम्ही अभ्यासला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्या सकाळी मात्र आम्हांला वाटत होते की आम्ही काहीच घेतलेले नाही, फक्त छायाचित्र घेतले आहे. अंडी गोळा करणाऱ्याचा लोभ बंदुकीबरोबर संपला नव्हता. तो कॅमेऱ्यात येऊन बसला होता, आणि आम्हीही त्याला जागा दिली होती.

कायद्याने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्यपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे आणि त्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. अनेक छायाचित्रस्पर्धा आणि पक्षिमित्रांच्या संस्था आज घरट्यांची छायाचित्रे स्वीकारीत नाहीत. ज्या घरट्यापासून ही कला सुरू झाली, तेच घरटे तिला निषिद्ध व्हावे, हा इतिहासातील मोठाच फेरा आहे. परंतु तो योग्य आहे. लॉज किंवा टर्नर यांना जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजच्या तरुणाच्या भिंगाला शंभर पावलांवरचा डोळाही दिसतो. त्याला जवळ जाण्याचे कारण उरलेले नाही, मोह तेवढा उरला आहे.

वाळू कोठे गेली?

आता त्या धूसर छायाचित्राकडे परत येऊ. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, आणि मग एकत्रित प्रवाह काटकोनात वळून पूर्वेकडे जातो. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि निरनिराळ्या खोऱ्यांतून येऊन येथे एक होतात. या भेटीमुळेच ‘प्रीतिसंगम’ हे नाव पडले. यशवंतराव चव्हाणांची समाधी येथेच आहे. प्रवाह वळताना त्याचा वेग मंदावतो आणि सोबत आणलेली वाळू तो काठाशी ठेवतो. पावसाळ्यातील पुराने आणायचे आणि उन्हाळ्याच्या ओहोटीने उघडे करायचे, हा नद्यांचा शतकानुशतकांचा व्यवहार. काठचे पक्षी याच व्यवहाराच्या भरवशावर मार्च ते मे या काळात संसार थाटतात.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी मोडला. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले, पुढे कृष्णेवर धोम झाले. धरण पाणी अडवते तसा गाळ आणि वाळूही अडवते. शिवाय पाणी केव्हा सोडायचे हे आता ऋतू ठरवीत नाही, सिंचनाचे आवर्तन ठरवते. उन्हाळ्यात आवर्तन सुटले की काठाची पातळी एका रात्रीत चढते आणि वाळूतील वाटी बुडते. कराडच्या खाली टेंभू येथे बंधारा झाला आणि आटपाडी, खानापूर, सांगोला या तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळू लागले. त्या दुष्काळी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाण्यासाठी जे सोसले आहे, ते ज्याला ठाऊक आहे तो या पाण्याला नावे ठेवणार नाही. आम्हीही ठेवीत नाही. परंतु जेथे पाणी साठून राहते तेथे वाळूचा काठ राहत नाही, ही वस्तुस्थितीही नोंदवली पाहिजे.

दुसरीकडे वाळूचा उपसा. गेल्या तीस वर्षांत गावोगावी पक्की घरे उभी राहिली. आमच्या उपासनामंदिराच्या आवाराची भिंतही त्याच वाळूची आहे. तेव्हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्रातील वाळू-उपशालाही पर्यावरणीय परवानगी अनिवार्य केली, यावरून देशभर हा प्रश्न किती थराला गेला होता हे दिसते.

टिटवी यातूनही तगली. ती शेताच्या बांधावर, रेल्वेच्या खडीत, प्रसंगी इमारतीच्या गच्चीवरही अंडी घालते. परंतु ज्यांचा संसार नदीतील वाळूवाचून होऊच शकत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. पिवळ्या चोचीचा, करड्या पंखांचा नदी सुरय भारतभरच्या नद्यांवर एके काळी सामान्य होता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० साली त्याची गणना असुरक्षित जातींत केली. काळ्या पोटाचा सुरय तर त्याहून गंभीर संकटात आहे. छोटा आर्ली आणि कंठेरी चिखल्या यांचीही पिल्ले अशाच उघड्या वाळूत, गोट्यांच्या रंगात रंग मिसळून वाढतात. त्यांच्यापुढे गच्चीचा पर्याय नाही.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानावनांत हिंडून, आदिवासींच्या तोंडून पक्ष्यांची मराठी नावे वेचली आणि ‘पक्षिकोशा’त साठवली. नावे त्यांनी वाचवली. त्या नावांच्या जागा वाचवणे कोणा एकाच्या हातचे नाही.

पाठीमागची ओळ

आता चिठ्ठीची गोष्ट. ह्यूम यांच्या काळातील अंडे आज बोलते, ते त्याच्या शेजारी जागा आणि तारीख लिहिलेली आहे म्हणून. आमचे सदोष छायाचित्र बोलते, ते त्याच्या पाठीमागे एक ओळ आहे आणि त्याच्या पोटात एक वाळूचा पट्टा आहे म्हणून. एमा टर्नर यांच्या पिल्लाला मोल आले, ते त्या पिल्लाभोवती नॉरफकची दलदल होती म्हणून. ‘नैसर्गिक अधिवासातील पिल्लू’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील अधिवास हा शब्द शोभेचा नाही. अधिवास नाहीसा झाला, की तो शब्दच आपली साक्ष होतो.

पडद्यासारख्या पार्श्वभूमीवरचे पिल्लू सुंदर असते. परंतु ते चित्र १९५० चे की २०५० चे, हे ते सांगू शकत नाही. त्या पिल्लाला राहण्यास जागा होती की नव्हती, हेही सांगू शकत नाही. चित्रात पिल्लू लहान दिसावे आणि नदी मोठी दिसावी. प्रत्यक्षातही ते तसेच असते.

त्या तरुणाला आम्ही आमची कबुली सांगितली, फांदीसकट. तो काही वेळ बोलला नाही. नंतरच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो म्हणाला, “फादर, घाटावर येता का?” उन्हे तिरपी होती. दोन टिटव्या पलीकडच्या काठाला खडीच्या एका ढिगाशी फिरत होत्या. पिल्ले असावीत, परंतु आम्हांला दिसली नाहीत, आणि आम्ही ती शोधलीही नाहीत. त्याने अलीकडच्या पायरीवर बसूनच एक चित्र घेतले. त्यात घाट होता, पाण्याचा मोठा तुकडा होता, काठाचा चिखल होता, खडीचा ढीग होता आणि त्यावर दोन ठिपके होते. टिटव्या ओरडल्या नाहीत. आम्ही पाच मिनिटांत परतलो.

पुढच्या आठवड्यात त्याने त्या चित्राची छापील प्रत आणून दिली. आमच्या जुन्या चित्राच्या पाकिटात ती ठेवण्यापूर्वी आम्ही ती उलटी केली. पाठीमागे त्याने लिहिले होते : ‘टिटव्या, दोन. कराड, संगमाच्या खालच्या अंगाला.’ खाली तारीख होती, आणि तारखेनंतर आणखी दोन शब्द : ‘वाळू नाही.’